शुक्रवारचं विधेयक

बाजारात गराडू आले की संसदेचं हिवाळी अधिवेशन येतं. दिल्लीच्या लोकांना हे माहीत नसेल, पण आमच्या इंदूरच्या घरात ऋतू असाच मोजला जातो. पंधरा दिवसांमागे हातगाडीवर मातीने माखलेले ते ओबडधोबड कंद दिसले. चांगले बघून घेतले, घरी आले, हाताला तेल चोळून सोलायला बसले, कारण गराडूची साल हाताला खाजते. तेवढ्यात टीव्हीवर बातमी लागली, की पुढच्या आठवड्यात अधिवेशन सुरू होणार. नंदू शेजारी बसून सालं टोपलीत गोळा करत होता. त्याने मान वर केली.

"शुक्रवार?" त्याने विचारलं.

"हो रे राजा, शुक्रवार पण येईल," मी म्हटलं.

नंदू माझ्या बहिणीचा, उषाताईचा, एकुलता एक मुलगा. आता त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले आहेत, चष्मा लागला आहे, पण समज पाच-सहा वर्षांच्या पोराइतकीच राहिली. बटणं लावता येतात, बुटांचे बंद येत नाहीत. रस्ता एकट्याने ओलांडता येत नाही. कोणी रागावलं तर का रागावलं ते कळत नाही, पण रागावलं हे नक्की कळतं. ताई आणि भाऊजी गेल्यापासून तो माझ्याकडे असतो. मी लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाले, तेव्हा आम्ही दोघंच. त्याला संसदेचं काय, असं कोणीही विचारेल. त्याला संसदेचं फार आहे.

खरं म्हणजे संसद ही माझी गोष्ट असायला हवी होती. मी आयुष्यभर मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. विधेयकाचा कायदा कसा होतो हा धडा थंडीतच यायचा. उन्हं वर्गाच्या अर्ध्या बाकांपर्यंत आलेली असत, तिथे बसायला पोरं भांडत, आणि मी फळ्यावर चौकटी काढून बाणांनी जोडत असे. पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन, मग दुसरं सभागृह, मग राष्ट्रपतींची सही. मी सांगायची, की हे महूच्या गाडीसारखं आहे, मधलं प्रत्येक स्टेशन येणारच, घाई करून उपयोग नाही. मागच्या बाकावरून एखादा विचारायचाच, "मॅडम, गाडी बीच में खड़ी रह गई तो?" वर्ग हसायचा, मीही हसायची. पुस्तकात त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं आणि परीक्षेत तो येत नव्हता.

एका वर्षीची थंडी मात्र आठवते ती आधी ताईच्या हातांमुळे. शुक्रवारी दुपारी ती नंदूला ऊन पाण्याने अंघोळ घालायची. एवढा थोरला बाप्या, पण डोकं पुसून घेताना मान अशी पुढे करायचा की ताईला चवड्यावर उभं राहावं लागायचं नाही. मग खोबरेल तेल, भांग, भाऊजींच्याच मापाचा मरून स्वेटर. साडेतीनला तिघं टीव्हीसमोर बसायची. मधे नंदू, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला कानाला मफलर गुंडाळलेले भाऊजी. शाळा सुटली की मी थेट तिकडेच जायची, आणि तोवर त्यांचं अर्धं कामकाज आटोपलेलं असायचं. कामकाज हा शब्द ताईने उचलला होता. "आज कामकाज लवकर संपलं ग," ती म्हणायची. जणू तीच चालवत होती.

शुक्रवारीच का, हे सांगायला हवं. सरकारचे मंत्री विधेयकं आणतात ती इतर दिवशी. पण मंत्री नसलेला कुठलाही खासदारसुद्धा स्वतःचं विधेयक आणू शकतो, आणि त्याच्यासाठी शुक्रवारची उतरती दुपार राखून ठेवलेली असते. आणायला बंदी नाही, बोलायला बंदी नाही. फक्त त्यातलं एकही विधेयक गेल्या कित्येक दशकांत कायदा झालेलं नाही. माझ्या फळ्यावरच्या चौकटींत ही शुक्रवारची गाडी कधीच नव्हती, ती मला ताईच्या घरी कळली.

दुसऱ्या राज्यातला एक खासदार होता. त्याच्या स्वतःच्या घरात असं लेकरू होतं म्हणे. तो एकदा इंदूरला अशा मुलांच्या आईबापांना भेटायला आला होता. नंदूच्या जुन्या शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. पुष्कळ लोक बोलले, सर्टिफिकेटबद्दल, पेन्शनबद्दल, बसच्या पासबद्दल. ताई शेवटी उठली. तिला भाषणाची सवय नव्हती. नंदूचा हात धरून ती उभी राहिली आणि तिच्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत तिने एवढंच विचारलं, "साब, बाकी सब तो हम कर लेंगे. पर हमारे बाद इसका कौन?"

हॉलमध्ये सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न होता, पण तो मोठ्याने कोणी विचारत नसे. घरात नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना विचारत नाहीत. तो खासदार म्हणाला, की मी हे संसदेत नेतो. आणि त्याने खरंच नेलं. प्रत्येक जिल्ह्यात अशा माणसांसाठी सरकारने घर चालवावं, आणि आईबाप गेल्यावर त्यांची जबाबदारी कायद्याने सरकारवर असावी, असं ते विधेयक होतं. ताईच्या प्रश्नाला कोणीतरी कलमं-पोटकलमं लावली होती.

ते मांडलं गेलं त्या थंडीआधीच्या पावसाळी अधिवेशनात. मी शाळेत होते. भाऊजींचा फोन आला. भाऊजी पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्या दिवशी फोनवर अक्षरशः ओरडत होते. "शमा, फटाफट ये. झालं! पास होऊन गेलं!"

मी रिक्षा करून पोचले तो गल्लीभर जिलबीचा वास. भाऊजी परात घेऊन दारोदार फिरत होते. समोरच्या, बाजूच्या, कोपऱ्यावरच्या कपडे प्रेस करणाऱ्या भियालासुद्धा जिलबी पोचली होती. नंदूच्या हनुवटीवरून पाक ओघळत होता. ताई दारात उभी होती, आणि तिचा चेहरा मी कित्येक वर्षांत तसा पाहिला नव्हता. नंदूच्या जन्माआधी ती तशी दिसायची.

"अध्यक्षजींनी विचारलं, पक्षात कोण," भाऊजी सांगू लागले. "सगळे बोलले, हां. विरोधात कोण? एकदम सन्नाटा. मग ते बोलले, हां की जीत हुई, हां की जीत हुई. दोनदा बोलले, शमा. मी कानाने ऐकलं. आता बाकी काय राहिलं?"

आता ही चूक दुसऱ्या कोणाच्या घरात झाली असती की नाही, मला शंका आहे. आमची दोन्ही घराणी संस्थानाच्या दरबारात कारकुनी केलेली. भाऊजींच्या आजोबांनी हुकूम लिहिण्यात जन्म घालवला. वरून 'मंजूर' असा शब्द आला की काम झालं, पुढे फक्त शिक्का आणि शाई सुकवायला वाळू. मंजूर म्हटल्यावर पुन्हा कोणी विचारायला येईल, ही कल्पनाच आमच्या रक्तात नाही. राजा गेला, दरबार गेला, पण भरल्या सभेत उंच आसनावरून कोणी शब्द दिला की आमची माणसं तो कनवटीला बांधून घरी येतात.

मला सांगावं लागलं. दुसरं कोण सांगणार होतं? मी म्हटलं, "भाऊजी, हे फक्त मांडलंय. मांडायला सभागृहाची परवानगी लागते, तेवढीच विचारली त्यांनी. चर्चा व्हायची आहे, मतदान व्हायचं आहे, मग दुसरं सभागृह."

"पण हां बोलले ना सगळे?"

"मांडू का, याला हां म्हणाले."

भाऊजी रिकामी होत आलेली परात धरून उभेच राहिले. ताईने माझ्याकडे पाहिलं. "मतलब, ते फक्त 'बोलू का' असं विचारून राहिले होते?"

"हो ताई."

"आणि सगळे म्हणाले, बोल."

"हो."

तिने पदराने नंदूची हनुवटी पुसली. "बरं," ती म्हणाली. "तू जिलबी तर खा, गार होऊन जाईल."

मी ती जिलबी खाल्ली.

वाटलेली जिलबी परत मागता येत नाही. पुढे कितीतरी महिने गल्लीतले लोक विचारायचे, "क्या भाऊसाब, वो होस्टल कब तक बन रहा है?" आणि भाऊजी मान हलवून म्हणायचे, "प्रोसेस में है." नंदूच्या मनात मात्र एक पक्की गाठ बसली. टीव्हीवरचा माणूस विचारतो, आपण मोठ्याने हां म्हणायचं, की जीत होते आणि जिलबी येते. मग तो प्रत्येक शुक्रवारी हां म्हणू लागला. हात वर करून, छाती फुगवून. कोणाचं विधेयक, कशाचं विधेयक, त्याला देणंघेणं नाही. नदीचं असो, भाषेचं असो, मधमाश्यांचं असो, नंदूचा सगळ्याला पाठिंबा. ताई टाळी वाजवायची. "बघ, याच्यासारखा खासदार पाहिजे," भाऊजी म्हणायचे, "एका शुक्रवारचा पण नागा नाही करत."

शुक्रवारची विधेयकं चर्चेला कोणती घ्यायची याच्या चिठ्ठ्या निघतात. त्या थंडीत आमची चिठ्ठी निघाली. ताईला ते कळलं तेव्हा ती हिरवे हरभरे सोलत होती. सोललेले दाणे तिने चुकून सालांत टाकले आणि सालं वाटीत. "लॉटरी लागली ग शमे," ती म्हणाली. मी तिला सांभाळून सांगितलं, की शुक्रवारची विधेयकं सहसा पास होत नाहीत. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सहसा म्हणतेस ना? मग ठीक आहे." या बाईने डॉक्टरांकडून जन्मभर 'सहसा' ऐकलेलं होतं. अशी मुलं सहसा चालत नाहीत, म्हणाले होते. नंदू चालला. सहसा बोलत नाहीत, म्हणाले. नंदू बोलला. 'सहसा' या शब्दाची तिला भीती उरली नव्हती. उलट त्याच्यातच तिला जागा दिसायची.

त्या हिवाळ्यातल्या पहिल्या शुक्रवारी आमचा खासदार उभा राहिला. कॅमेरा मागे गेला आणि हिरवी बाकं दिसली. रिकामी, ओळीच्या ओळी रिकामी. इथे-तिथे दोनचार डोकी.

"हे सगळे गेले कुठे ग?" ताईने विचारलं.

"आपापल्या गावी. शुक्रवार आहे ना, शनिवार-रविवार तिकडे काढतात."

"आपलं असतं तेव्हाच का?"

थोड्या वेळाने कोणीतरी गणसंख्येचा प्रश्न काढला. सभागृहात ठरलेली माणसं हजर नसली तर काम चालत नाही, म्हणून घंटा वाजवतात, बाहेर कोणी असेल तर आत यावं. घंटा वाजत राहिली. नंदूला ती फार आवडली. तो जिभेने तसा आवाज काढत टाळ्या पिटत होता. कोणी आलं नाही. बैठक उठली. ताई स्क्रीनकडे बघत राहिली, आता त्यावर फक्त ती गोल इमारत आणि कारंजं दिसत होतं. "आपण चौघं इथे बसलो होतो," ती म्हणाली. "आपल्याला मोजलं असतं तर झालं असतं."

पुढचा शुक्रवार. इंदूरला त्या दिवशी बोचरं वारं सुटलं होतं. मी शाळेतून अर्धी रजा टाकली. ताईने गराडू तळून, वर जिरावण मसाला भुरभुरवून ठेवले होते, पण कोणी हात लावत नव्हतं. नंदूने मात्र लावला. सभागृहात आज माणसं बरी होती. आणि आमचा खासदार बोलायला लागला. चांगलं बोलला तो, कागद न बघता बोलला. मध्येच थांबला आणि म्हणाला, "इंदौर में एक माँ ने मुझसे पूछा था, हमारे बाद इसका कौन? अध्यक्ष महोदय, मेरे पास उत्तर नहीं था. आज मैं यह प्रश्न इस सदन से पूछता हूँ."

भाऊजींनी मफलर सोडला आणि तोंडावर धरला. ताई हलली नाही. फक्त तिचा हात नंदूच्या पाठीवर होता तो तिथेच वर-खाली होत राहिला. तिचा प्रश्न देशाच्या सर्वांत मोठ्या घरात पोचला होता, आणि तिथे कोणी हसत नव्हतं, कोणी घड्याळ बघत नव्हतं. मग इतर लोक बोलले. इकडचे, तिकडचे, एरवी एकमेकांवर धावून जाणारे. सगळे म्हणाले, फार गरजेचं आहे. एका म्हाताऱ्या खासदाराचा आवाज भरून आला. मी, जिला सगळं माहीत होतं, त्या मीसुद्धा मनात म्हटलं, होतंय की काय. त्या पाव-अर्ध्या तासात मी माझा सगळा फळा पुसून टाकला होता.

शेवटी मंत्री उठले. सौम्य माणूस होता. त्यांनी हात जोडले. सदस्यांच्या भावनेशी सरकार पूर्ण सहमत आहे, म्हणाले. किती योजना चालू आहेत ते सांगितलं. या सूचनांचा गांभीर्याने विचार होईल, म्हणाले. आणि मग, त्याच सौम्य आवाजात, "मेरा माननीय सदस्य से निवेदन है कि वे अपना विधेयक वापस ले लें."

आमचा खासदार उभा राहिला. त्याने मंत्र्यांचे आभार मानले. क्षणभर खाली पाहिलं. मग म्हणाला, की मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर मी विधेयक मागे घेण्याची परवानगी मागतो.

आणलेलं विधेयक परत न्यायचं तर त्यालाही सभागृहाची परवानगी लागते. तेव्हा आसनावरून पुन्हा तोच प्रश्न आला, त्याच सुरात. जे परत घ्यायच्या बाजूचे असतील त्यांनी हां म्हणावं. सभागृहातून थकलेलं, विखुरलेलं "हां" आलं.

आणि आमच्या खोलीत नंदूने हात उंच केला, छाती फुगवली, आणि त्या सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाला, "हांऽऽ!"

हां की जीत हुई. प्रस्ताव मंजूर झाला. पुढच्या कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं.

नंदू आमच्याकडे पाहत होता. एकेकाच्या तोंडाकडे. त्याने सर्वांत मोठ्याने म्हटलं होतं आणि कोणी टाळी वाजवत नव्हतं. त्याचा हात अजून वरच होता. मग तो हात हळूहळू खाली यायला लागला, आणि मला वाटलं, हे मला बघवणार नाही. तेवढ्यात ताईने टाळी वाजवली. एक, दोन, तीन. "शाबास," ती म्हणाली. "शाबास रे माझ्या राजा." तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती टाळ्या वाजवत होती.

"जिलबी?" नंदूने विचारलं.

भाऊजी उठले. मफलर परत कानाला गुंडाळला, कोनाड्यातला डबा घेतला आणि त्या वाऱ्यात बाहेर पडले. त्याला काय सांगणार होते? परत आले तेव्हा डब्यात जिलबी होती, अजून वाफ निघत होती. आम्ही चौघांनी खाल्ली. गराडू तसेच राहिले.

त्या संध्याकाळी ताईने एकच गोष्ट विचारली. भांडी आवरताना, माझ्याकडे पाठ करून. "शमे, विरोधात कोणीच नव्हतं ना ग?"

"कोणीच नव्हतं."

"एकाने पण ना नाही म्हटलं."

"नाही म्हटलं."

"मग हरलो कोणाशी?"

कोणी 'ना' म्हटलं असतं तर बरं झालं असतं असं मला कितीदा वाटलं. रागवायला एक तोंड मिळालं असतं. त्या खासदारावर मला रागावता येत नाही, त्याने निदान आणलं तरी. मंत्र्यांचाही चेहरा वाईट माणसाचा नव्हता. सगळे भले होते, सगळे सहमत होते, आणि त्या भलेपणातून माझ्या बहिणीची सगळी आशा हलक्या हाताने बाहेर नेऊन ठेवली गेली. लोकसभा विसर्जित होते तेव्हा पडून राहिलेली विधेयकं आपोआप संपतात, हे मी मुलांना शिकवत असे. आमचं तसंही संपलं नाही. ते आमच्या डोळ्यांदेखत परत घेतलं गेलं, आणि ज्याच्यासाठी होतं त्याने हात वर करून परवानगी दिली.

नंतर मी तो धडा शिकवला, पण चौकटींच्या बाजूला फळ्यावर थोडी जागा मोकळी सोडायला लागले. मागच्या बाकावरच्या पोराने गाडी मध्येच थांबली तर काय असं विचारलं, तर मी आता हसत नव्हते.

ताईने शुक्रवार बंद केले नाहीत. मला वाटलं होतं, करेल. पण नंदूला काय झालं ते कळलेलं नव्हतं, आणि त्याची एकमेव नोकरी त्याच्याकडून काढून घ्यायचा तिला धीर झाला नाही. भाऊजी गेले. त्यांची खुर्ची तशीच ठेवून शुक्रवार चालू राहिले. महामारीच्या वर्षी हिवाळी अधिवेशन झालंच नाही, तरी नंदू अंघोळ करून, स्वेटर घालून साडेतीनला बसायचा आणि जुनी कुठली तरी भाषणं बघायचा. मग ताईचं दुखणं आलं.

इस्पितळात ती शेवटी शेवटी फार बोलत नव्हती. एक दिवस दुपारी मी तिचे पाय चोळत होते. नंदू खिडकीशी कबुतरं मोजत होता, त्याला जेवढे अंक येतात तेवढ्यात. ती माझ्याकडे बघत राहिली. मला कळलं, आता विचारणार. साऱ्या देशाला विचारून झालेला प्रश्न आता माझ्याकडे आला होता. पण तिच्याने विचारवेना. ओठ हलले आणि थांबले. धाकट्या बहिणीवर आपण काय टाकतो आहोत हे तिला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "हां."

नंदू खिडकीतून वळला. त्याने हात वर केला आणि तोही म्हणाला, "हां." ताई हसली. टाळी वाजवायला तिचे हात उठले नाहीत, पण बोटं हलली. आमच्या घरात एवढा एकच कायदा पास झाला. दोन माणसांनी केला, त्यातल्या एकाला कशावर मत दिलं ते माहीत नव्हतं.

आता माझे गुडघे बोलतात. जिना चढताना मी मधे थांबते, तेव्हा नंदू माझी पिशवी घेतो आणि खूश होतो, की मावशीने काम दिलं. मी घरं बघायला लागले आहे. मानपूरच्या रस्त्यावर एक जागा आहे, चांगली आहे. अंगणात पेरूची झाडं आहेत, तिथली माणसं मुलांशी नीट बोलतात. मी सगळं विचारलं, जेवण, औषधं, डॉक्टर. तिथल्या मॅडमनी मला चहा दिला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "आंटीजी, जगह तो हम देख लेंगे. बस एक गार्डियन चाहिए जो आपके बाद रहे." मी म्हटलं, तेच तर शोधायला आले आहे. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. "नियम है," म्हणाल्या. त्यांचाही दोष नाही. परत येताना गाडीत नंदूने खिडकीची काच खाली केली आणि घाटातलं गार वारं तोंडावर घेत बसला. मी त्याच्या स्वेटरची वरची बटणं लावली. माझ्यानंतर ती कोण लावील, हे त्या वाऱ्यात बसून मी विचारत होते आणि मला रडू येत होतं. तो म्हणाला, "मावशी, थंडी वाजते?" मी म्हटलं, हो.

तर आज पुन्हा शुक्रवार आहे. दिल्लीत नवी इमारत झाली आहे. पहिल्यांदा ती टीव्हीवर दिसली तेव्हा नंदू फार बेचैन झाला होता. "गोल कुठे?" म्हणून विचारत राहिला. आता सवय झाली आहे. मी त्याला अंघोळीचं पाणी काढून दिलं, डोकं पुसून दिलं. त्याने मान पुढे केली, ताईला करायचा तशीच. मरून स्वेटर कोपरावर विरला आहे, पण दुसरा घालत नाही. साडेतीनला आम्ही बसलो. मी त्याच्या शेजारी, ताई बसायची त्या बाजूला. भाऊजींची खुर्ची मी माझ्याकडे आणून तशीच ठेवली आहे.

कोणा एका सदस्याचं विधेयक चालू होतं. कशाचं होतं ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. बाकं तशीच, बरीचशी रिकामी. मी नंदूकडे बघत होते, त्याच्या पांढऱ्या कानशिलाकडे, त्या जाड बोटांकडे. आणि काय झालं कोणास ठाऊक, इतकी वर्षं जो प्रश्न आमच्या घरात त्याच्यासमोर कोणी काढला नाही, तो माझ्या तोंडातून निघून गेला. मोठ्याने नाही, पण निघाला.

"माझ्यानंतर तुझं कोण रे नंदू?"

तो स्क्रीनकडे बघत होता. आसनावरून कोणीतरी विचारत होतं, जे पक्षात असतील त्यांनी. नंदूने हात वर केला.

"हांऽऽ!"

मग वळून माझ्याकडे पाहिलं. मी टाळी वाजवली. एक, दोन, तीन. शाबास म्हटलं.

"जिलबी?"

मी शाल घेतली, डबा घेतला, त्याच्या बुटांचे बंद बांधले आणि त्याला हाताला धरून कोपऱ्यावर गेले. कढईभोवती गर्दी नव्हती. जिलबीवाला आम्हाला ओळखतो. चासणीतून गरम जिलब्या काढता काढता त्याने विचारलं, "क्या बात है मौसीजी, आज कोई खुशखबरी?"

मी काही बोलायच्या आत नंदूने उत्तर दिलं.

"जीत हुई," तो म्हणाला.

जिलबीवाला हसला, आणि त्याने एक जिलबी जास्त टाकली.